गल्ल्यातील पैसा कोणाचा? टक्केवारीने वाटणी करण्याची रीत



रात्री दुकान बंद करताना आपण गल्ला मोजतो आणि रक्कम चांगली असली की समाधानाने घरी जातो. परंतु त्या गल्ल्यात आपला पैसा किती, सरकारचा किती आणि माल देणाऱ्या पेढीचा किती, याचा विचार फार थोडे जण करतात. गिऱ्हाईक भरपूर असूनही दुकाने बंद पडतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. दुकानदार नफा समजून मुद्दल खात असतो.

उर्दू शाळेत आपण ज्याला 'फीसद' म्हणालो, तेच मराठीत शेकडा किंवा टक्के. शंभरातले किती, एवढाच त्याचा अर्थ. मात्र 'कशाचे शंभर' हे आधी ठरवावे लागते. चूक तेथेच होते.

एका लहान कापड दुकानाचे उदाहरण घेऊ. महिन्याचा गल्ला करासह २,१०,००० रुपये आहे. जुलै २०१७ पासून कापडावर ५ टक्के जीएसटी आहे. पुष्कळ लोक २,१०,००० चे ५ टक्के, म्हणजे १०,५०० काढतात. ते चूक आहे. शंभराचा माल गिऱ्हाइकाला १०५ ला पडतो, म्हणून २,१०,००० ला १०५ ने भागून ५ ने गुणावे. उत्तर येते १०,०००. ही रक्कम आपली नव्हे, अमानत आहे. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा मिळतो, तरी हिशेब होईपर्यंत तिला हात लावू नये.

उरले २,००,०००. यात नफा किती? आपण खरेदीवर २५ टक्के चढवून माल विकतो असे धरू. शंभराचा माल सव्वाशेला गेला. नफा २५ रुपये, पण तो सव्वाशेतला आहे, म्हणजे विक्रीच्या २० टक्केच. म्हणून २,००,००० च्या विक्रीत मालाची किंमत १,६०,००० आणि नफा ४०,००० होतो. जो विक्रीचे २५ टक्के धरतो, त्याला ५०,००० नफा दिसतो. तो दरमहा १०,००० रुपये मुद्दलातून उचलतो आणि वर्षात १,२०,००० चा माल खाऊन बसतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात ही चूक मी स्वतः केली आहे. मांडणीवरची ठाणे का कमी होत आहेत, हे मला दोन वर्षे कळलेच नाही.

आता या ४०,००० ची वाटणी अशी करता येईल :

दुकानाचा खर्च (भाडे, वीज, नोकर) – ३५ टक्के – १४,०००
घरखर्च – ४० टक्के – १६,०००
भांडवलात वाढ – १० टक्के – ४,०००
मंदी व आजारपण – १० टक्के – ४,०००
झकात व सदका – ५ टक्के – २,०००
एकूण – १०० टक्के – ४०,०००

तोंडी हिशेब सोपा आहे. रकमेचे एक शून्य काढले की १० टक्के, त्याचे निम्मे ५ टक्के. तीन दहा आणि एक पाच मिळून ३५. शेवटी सर्व टक्क्यांची बेरीज शंभर आणि रकमांची बेरीज ४०,००० आली पाहिजे. न आल्यास वाटणी चुकली असे समजावे.

आता मंदीचा महिना पाहू. पावसाळ्यात नफा २२,००० वर आला, तर ३५ टक्के होतात ७,७००. परंतु दुकानाचा खर्च काही कमी होत नाही, तो १४,००० च राहतो. तूट ६,३०० रुपयांची. ती मंदीच्या डब्यातून भरावी. उलट रमजान ईदच्या महिन्यात नफा ८०,००० झाला, तर दुकानाचा हिस्सा २८,००० होतो आणि लागतात १४,०००. उरलेले १४,००० घरी नेऊ नयेत, मंदीच्या डब्यात टाकावेत. ईदची कमाई श्रावण-भाद्रपदात कामी येते ती अशी.

उधारीबाबत सावध असावे. वाटणी हातात आलेल्या पैशाचीच करावी. २,००,००० च्या विक्रीपैकी ५०,००० उधारीत असतील, तर १,५०,००० चे २० टक्के, म्हणजे ३०,००० च वाटावेत. नियमित पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला उधारीच्या बिलावरचा करही वेळेवर भरावा लागतो, मग वसुली होवो वा न होवो. उधारी लिहून ठेवण्याचा आदेश तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे.

झकातीविषयीही एक गैरसमज आहे. अडीच टक्के हे महिन्याच्या नफ्याचे नसतात. निसाबाइतकी मालमत्ता असून तिच्यावर चांद्र वर्ष पूर्ण झाले की तिच्यावर झकात येते. समजा, आजच्या भावाने विक्रीचा माल ६,००,०००, रोकड १,००,०००, येणे २,००,००० आणि देणे ३,००,००० आहे. निव्वळ ६,००,०००, त्याची झकात १५,०००. दरमहा २,००० बाजूला ठेवल्यास वर्षाला २४,००० जमतात. झकात निघून ९,००० सदक्यासाठी उरतात आणि रमजानमध्ये धावपळ होत नाही. येणे-देणे गुंतागुंतीचे असेल तर आलिमांना विचारावे.

शिलाई किंवा भरतकाम करणाऱ्या कारागिरांनी आधी दोरा, बुक्रम, सुई व मशीनची दुरुस्ती मजुरीतून वजा करावी आणि उरलेल्याची वाटणी करावी. टक्के ज्याने त्याने आपल्या घराप्रमाणे ठरवावेत.

पाच डबे किंवा वहीची पाच पाने एवढ्यावर हे काम भागते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरुवात करा. बरकत अल्लाह देतो. हिशेब ठेवणे मात्र आपल्याकडे आहे.