आजचं चिंतन : आपल्या वाटणीचे कागद



आज गीतेच्या बाराव्या अध्यायातला 13 वा श्लोक वाचत होतो. इथून भगवंत आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. सुरुवात होते कुणाचाही द्वेष न करण्यापासून आणि श्लोक संपतो क्षमेवर. मधे एक लक्षण येतं, 'माझं माझं' सुटलेला. वाचता वाचता मला एकदम मामाची विहीर आठवली.

आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहायचो. 1 मेला निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आई मला चाकणला घेऊन जायची. भोसरीपासून सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने, पुढे मामाची लूना. मामाचं गाव भामचंद्र डोंगराच्या बाजूला. अंगणात आंबा, मागे कांद्याची वखार, आणि शेतात विहीर. दहा वर्षांचा असताना मामाने पाठीला रिकामा डबा बांधून मला त्या विहिरीत सोडलं. मी पायरी घट्ट धरून रडत होतो. तो खाली पाण्यात उभा राहून एवढंच म्हणत होता, "हात सोड रे, मी हाय ना हितं." तिसऱ्या दिवशी सोडला. त्या विहिरीवर कुणीही यायचं. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याचीही बैलजोडी तिथेच पाणी प्यायची.

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकावर नेमका हाच दृष्टांत देतात. पाणी गाईची तहान भागवतं, पण म्हणून वाघासाठी ते विष होत नाही. पुढे याच अध्यायात ते म्हणतात, झाडसुद्धा लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देतं. वाचायला किती गोड! पण घाव आपल्यावर पडला की?

मी कॉलेजात होतो तेव्हा कारखाने आले आणि मामाकडची जमीन गेली. आईला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली. "ताई, तुझं तुला देतो," मामा म्हणाला होता. ते आलं नाही. आईने परत मागितलं नाही, पण त्या कागदाची झेरॉक्स अजून कपाटात आहे. बारा वर्षं झाली, मी मामाकडे गेलेलो नाही. मामेबहिणीच्या लग्नालाही नाही.

आता त्याच डोंगराकडे या. परंपरा सांगते की तुकोबाराय पंधरा दिवस भामचंद्रावर एकांतात बसले होते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने घर उद्ध्वस्त झालेलं, व्यापार बुडालेला. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत आले. घरात सावकारीची खतं होती, लोकांकडून येणं होतं. तुकोबांनी त्या कागदांचे दोन भाग केले. एक कान्होबांना दिला आणि आपला इंद्रायणीत बुडवला.

ही गोष्ट आपण शंभर वेळा ऐकलीय. पण माझं लक्ष नेहमी बुडवलेल्या कागदांकडे असायचं. आज पहिल्यांदा ठेवलेल्या कागदांकडे गेलं. तुकोबांनी भावाचे कागद बुडवले नाहीत. 'देवाचं नाव घे आणि सोडून दे' असं त्याच्यावर लादलं नाही. त्यागसुद्धा फक्त आपल्या वाटणीचाच करता येतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. क्षमेच्या नावाखाली कुठल्याही बहिणीला 'कर सही, भावाशी गोडी राहील' म्हणणं ही भक्ती नाही. 2005 पासून हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. हक्क मागणं म्हणजे द्वेष करणं नव्हे. आईचं येणं हे आईचं आहे. ते माफ करायचं की मागायचं, हे ती ठरवेल. मी ते बुडवू शकत नाही.

पण माझ्या वाटणीचेही कागद होतेच ना? बारा वर्षांचा रुसवा. 'त्याने स्वतःहून फोन करायला हवा होता' हे व्याज मी रोज मांडत होतो. वर स्वतःला सांगत होतो की हे सगळं आईसाठी आहे. खरं तर त्यात 'माझं'च जास्त होतं. द्वेष आणि क्षमा यांच्या मधे ते लक्षण का ठेवलंय, ते आज थोडं कळलं. 'माझं' सुटल्याशिवाय क्षमेपर्यंत पोचताच येत नाही.

काल रात्री मामाला फोन लावला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "विहीर बुजवली रे. आंबा हाय अजून. ये."

आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "तू जाऊन ये," म्हणाली, "मी आत्ता नाही येणार." मी "बरं" म्हटलं. रविवारी जातोय.

आजचा अभ्यास छोटासाच. रात्री पाच मिनिटं शांत बसा. ज्याच्यावर राग आहे अशा एका माणसाला आठवा. त्या रागातलं आपलं किती आणि दुसऱ्या कुणासाठी धरलेलं किती, हे प्रामाणिकपणे वेगळं करा. दुसऱ्याचं त्याच्यापाशी राहू द्या. आपल्यातला एक कागद, फक्त एकच, आज बुडवा. हात सोडायला भीती वाटेल. पण खाली पाण्यात कुणीतरी उभं आहे.

राम कृष्ण हरी 🙏