जाम झालेलं जुनं इंजिन: सोडवायला किती खर्च येतो?

सातारा-सांगली पट्ट्यात विहिरीच्या काठावर, बंद पडलेल्या गिरणीत किंवा गुऱ्हाळाच्या मागच्या छपरात जुनी डिझेल इंजिनं अजून पडून आहेत. भंगाराच्या भावात मिळतात म्हणून लोक उचलून आणतात आणि मग खर्चाचा अंदाज चुकतो. म्हणून भाव विचारायच्या आधी इंजिनावरची पाटी वाचा. ते कोणाच्या हातचं आहे, यावर दुरुस्ती पंधरा हजारांत आटोपणार की पाऊण लाखावर जाणार, हे निम्मं ठरतं.

या दोन जिल्ह्यांत इंजिनांचा असा साठा असण्यामागे इतिहास आहे. धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात उभा केलेला कारखाना आधी शेतीच्या नांगरासाठी आणि पुढे डिझेल इंजिनांसाठी गाजला. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. सातारा रोडचा हा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. इकडे औंध संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथून नांगर आणि पंप गावोगाव गेले. 1946 साली पुण्याच्या खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि कृष्णा, कोयना, वारणा, येरळेच्या काठी पाणी उपसायला हीच इंजिनं आली. वीज पोचण्याआधीचं बागायत याच यंत्रांच्या बळावर उभं राहिलं. त्यांतलं एक जरी पुन्हा सुरू झालं तरी त्यावर खर्च केलेला पैसा सत्कारणी लागला, असं मी मानतो. मात्र तो पैसा नीट मोजून घालावा.

पाटीवर किर्लोस्कर एव्ही-वन असेल तर निर्धास्त राहा. पाच हॉर्सपॉवर, 1500 आरपीएम, बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110 मिलिमीटर, पाण्यानं थंड होणारं हे उभं इंजिन आहे आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. दुसरा प्रकार लिस्टर पद्धतीचा, दोन जड चाकांचा आणि 650 आरपीएमच्या संथ चालीचा. मूळ इंजिन इंग्लंडमधल्या डर्स्लीचं, पण त्याची नक्कल राजकोटनं इतकी वर्षं केली आहे की पिस्टनपासून गव्हर्नरच्या स्प्रिंगपर्यंत सगळं तिथून मागवता येतं. तिसरा प्रकार महाग आहे: आडव्या सिलिंडरची जुनी कूपर, रस्टन, क्रॉसली. यांचे भाग दुकानात नाहीत. जे झिजलं ते ओतून, कातून, घासून नव्यानं बनवायचं.

खरेदीची मर्यादा सरळ आहे. वजनाला भंगाराचा दर लावा, त्यावर फार तर दोन-तीन हजार द्या. चालू इंजिनाच्या किमतीशी तुलना करून सांगितलेला भाव मान्य करू नका. ‘फक्त नोझल अडकलंय’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः बघा. नोझल जागेवर आहे का? नसेल तर त्या भोकातून कितीतरी पावसाळे पाणी आत गेलेलं आहे. सायलेन्सरचा पाइप आभाळाकडे उघडा असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधूनही तेच झालेलं असतं. डिझेल पंप, गव्हर्नरची लिंक, हँडल आणि टाकी यांतलं जे हरवलंय त्याची किंमत वजा करा. पाण्याच्या जॅकेटवर तडा किंवा जुनं वेल्डिंग दिसलं तर ते इंजिन सुट्या भागांसाठी म्हणूनच घ्यावं.

मग चाकाला हात लावा. दोन्ही हातांनी मागे-पुढे हलवताना चाक सूतभर जरी डुलत असलं तर चांगली गोष्ट आहे. क्रँक मोकळा आहे, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधला थोडा ढिलेपणा तुमच्या हाताला लागतोय आणि अडकलाय तो पिस्टन. अजिबात हललं नाही तर मुख्य बेअरिंगही धरलेलं असू शकतं, तो खर्च हिशेबात आधीच धरा.

2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या इंजिनांना वेगळा नियम लावावा लागतो. सांगली, पलूस, वाळवा भागात अशी पुष्कळ आहेत. त्यांच्यात गंजाबरोबर गाळ असतो, आणि बेअरिंगमध्ये गेलेला गाळ चाक फिरवताच क्रँकच्या जर्नलवर चरे पाडतो. असं इंजिन फिरवायचा प्रयत्नच करू नका. तेलाची टाकी उघडून, डिझेलनं वारंवार धुऊन, बेअरिंगच्या टोप्या काढून मगच पुढे जा. ज्यांनी आधी ओढूनताणून फिरवलं, त्यांचा क्रँक ग्राइंडिंगला जातोच.

आता सोडवण्याचं काम. घरच्या वर्कशॉपमध्ये खर्च वाचतो किंवा वाढतो तो इथे. आधी हेड उतरवण्याची घाई नको. नोझलच्या भोकातून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन समभाग हे मिश्रण गंजात चांगलं शिरतं. ॲसिटोन भडकतं, म्हणून ते उघड्यावर हाताळा आणि जवळ बिडी-काडी नको. नुसतं डिझेलही चालतं, फक्त दिवस जास्त लागतात. रोज पातळी बघा. तेल खाली उतरत असेल तर रिंगांच्या कडेनं वाट मिळालेली आहे. सगळं सामान पाचशे ते हजार रुपयांचं. पिस्टनच्या डोक्यावर घण मारून तो सुटत नाही, फुटतो, आणि चाकाच्या आऱ्यात पहार घालून जोर लावला तर आरा तुटतो. ओतीव चाकाचा तुटलेला आरा सांधून ते पुन्हा वेगानं फिरवणं धोक्याचं आहे, मग दुसरं चाक शोधत हिंडावं लागतं.

तेलानं सुटलं नाही तर ग्रीसगन वापरा. दोन्ही पुशरॉड काढले की व्हॉल्व्ह बंद राहतात. नोझलच्या जागी बसेल अशी जाड प्लेट लेथवर करून घ्या, तिला ग्रीस निपल लावा. चारशे ते आठशे रुपयांत हे काम होतं. मग हातानं ग्रीस भरत जा. 80 मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 50 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 100 किलोचा दाब आला की पिस्टनवर पाच टनांचा जोर बसतो. हा जोर सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून पिस्टनला इजा होत नाही. अर्धा किलो ग्रीस पुरतं. हेडचे सगळे नट पूर्ण आवळलेले असू द्या, हवा आत कोंडून ठेवू नका आणि प्लेटच्या समोर उभे राहू नका. पिस्टन अगदी वरच्या टोकाला अडकला असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण रॉड आणि क्रँक सरळ रेषेत असतात आणि सगळा जोर बेअरिंगवर जातो. अशा वेळी रॉडची टोपी सोडून लायनर पिस्टनसकट बाहेर काढायचं आणि हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्यायचं. प्रेसचे तीनशे ते सातशे रुपये होतात.

गंजलेल्या ओतीव भागांसाठी आपल्या भागात एक स्वस्त सोय आहे. काकवी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि धातूला धक्का लागत नाही. साखर कारखान्याची मळी यासाठी मागायला जाऊ नका, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. गुऱ्हाळात बिघडलेली काकवी कमी भावात मिळते, तीच आणा. ॲल्युमिनियमचा पिस्टन मात्र यात बुडवायचा नाही, त्याला हे द्रावण खातं. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर यांनी गंज काढण्याची पद्धतही चांगली आहे, तिथेही ॲल्युमिनियम वर्ज्य. त्या टाकीत स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावू नका, विषारी क्रोमियम तयार होतं.

एव्ही-वनचा हिशेब असा मांडा. आकडे अंदाजाचे आहेत, कंपनीच्या मालाचे आणि पक्क्या बिलाचे दर वरच्या टोकाला जातात. लायनर, पिस्टन आणि रिंगांचा संच तीन ते पाच हजार. गास्केट आणि सील चारशे ते आठशे. व्हॉल्व्ह, गाइड आणि सीट कापणं आठशे ते दीड हजार. बेअरिंग आठशे ते दीड हजार. नवीन नोझल आणि डिझेल पंपाचं काम बाराशे ते अडीच हजार. तेल, फिल्टर, डिझेल हजार ते दीड हजार. त्यात भिजवण्याचं सामान आणि छोट्या टेम्पोचं दीड ते तीन हजार भाडं धरलं की नऊ ते सतरा हजार होतात. क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला तर आणखी हजार-दोन हजार. मजुरी तुमची स्वतःची आहे, म्हणून हा आकडा एवढ्यावर राहतो.

लायनर बदलायचं की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. बोअर गेजनं माप घ्या. गेज विकत घ्यायची गरज नाही, सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या बोअरिंगच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये शंभर-दोनशे रुपयांत मापून देतात. झीज पाव मिलिमीटरकडे गेली असेल किंवा रिंगा अडकलेल्या जागी नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर नवं घाला. नुसता डाग असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात आणि दोन-तीन हजार वाचतात. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजनं बघा, 80 च्या बोअरला 0.3 मिलिमीटरच्या आसपास हवी. दुकानातून आणलेल्या रिंगा न मापता चढवू नका. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर रिंगेची तोंडं एकमेकांना भिडतात आणि ते पुन्हा धरतं.

डिझेल पंपाचं काम घरी करू नये, असं माझं ठाम मत आहे. प्लंजर आणि बॅरल यांची जोडी इतक्या बारीक मापाची असते की एक कण धूळ पुरते. कॅलिब्रेशनच्या दुकानात द्या आणि नोझलचा फवारा तिथेच बघा. तो फवारा कधीही हाताच्या तळव्यावर घेऊ नका. डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि बोट कापावं लागण्याची वेळ येते.

आडव्या जुन्या इंजिनाचा हिशेब वेगळाच. रिंगा ऑर्डरनं करून घ्याव्या लागतात, एकेकीला चारशे ते आठशे. पिस्टन हवा असेल तर आधी लाकडी पॅटर्न, मग ओतकाम, मग लेथ: मिळून दहा ते वीस हजार. लायनर किंवा स्लीव्ह सहा ते बारा हजार. बॅबिट ओतलेली बेअरिंगं नव्यानं ओतून, हातानं घासून बसवायला प्रत्येकी तीन ते सहा हजार, आणि असं काम जाणणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. हे काम सातारा-सांगलीत जमलं नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात विचारा. तिथे ओतकाम आणि इंजिनांची परंपरा जुनी आहे, एक नग ओतून द्यायलाही माणूस भेटतो. इंजिनाची किंमत सोडून चाळीस ते ऐंशी हजार बाजूला ठेवा. एवढा खर्च पेलणार नसेल तर असं इंजिन उघडूच नका. तेल भरून, तोंडं बंद करून, कोरड्यात उभं ठेवा. अर्धवट उघडलेल्या इंजिनाचे भाग घरात विखुरतात आणि पुढच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

हत्यारांवर होणारा खर्च एकदाचा. एक टनाचा चेनपुल्ली ब्लॉक साडेतीन ते सहा हजार, दहा टनांचा बॉटल जॅक दीड ते अडीच हजार, व्हर्नियर आणि फीलर गेज मिळून दीड हजार. चेनपुल्ली भाड्यानंही मिळते. गोठ्याच्या जुन्या तुळईला ती टांगू नका, तिपाई उभी करा.

चालू झालेल्या इंजिनावर रोज शेत भिजवायचा विचार असेल तर इंधनाचा आकडाही लक्षात घ्या. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल पितं, म्हणजे आजच्या भावानं नव्वद ते शंभर रुपये तास. म्हणून रोजच्यासाठी नाही, पण वीज नसेल त्या दिवसासाठी, ऊस चरकात घालायला किंवा गावाच्या जत्रेत नातवंडांना चालवून दाखवायला ते उत्तम.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी डिझेल पंपाचा रॅक बोटानं सरकवून बघा. तो सहज मागे-पुढे झाला पाहिजे आणि गव्हर्नरनं तो ओढला पाहिजे. रॅक अडकलेला असेल तर इंजिनाचा वेग आवरत नाही. वेग दुप्पट झाला की ओतीव चाकावरचा ताण चौपट होतो आणि चाक फुटू शकतं. एअर फिल्टर काढून ठेवा आणि त्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी एका माणसाच्या हातात द्या. वेग सुटला तर हवा बंद करणं हाच उपाय, डिझेलचा नळ बंद करून लगेच फरक पडत नाही. चाकाच्या रेषेत कोणी उभं राहू नये, मुलांनी तर नाहीच. पाणी आणि तेल पुरेसं भरलेलं आहे याची खात्री करा, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवा, वेग आला की लिव्हर सोडा. सुरुवातीला भार न घालता थोडा वेळ, मग हलक्या भारावर काही तास चालवा. त्यानंतर पहिलं तेल काढून टाका. त्यात नव्या रिंगांचा कीस आणि जुना राहिलेला गंज असतो. गाळून पुन्हा वापरायचा मोह होतो, पण तेलाचे हे चारपाचशे रुपये वाचवू नका, आणि हेडचे नट गार इंजिनावर पुन्हा एकदा आवळून घ्या.