सिल्फ्रात कोरडे हातमोजे हवेत का?

प्रश्न : तारकर्लीत स्कूबा शिकलो. आता आइसलँडच्या सिल्फ्रात उतरायचंय. ‘ड्राय ग्लोव्ह’ घेऊ का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी ड्रायसूटचं बघा. सिल्फ्राचं पाणी बारमाही २ ते ४ अंश असतं. ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा तशा १० डाइव्हची नोंद नसेल, तर तिथं डायव्हिंगला घेतच नाहीत. हातांसाठी, एकदाच जाणार असाल तर जाड निओप्रीनचे, पाणी शिरणारे मोजे चालतात. बोटं बधिरतात, पण निभतं. थंड पाण्यात वारंवार जाणार असाल तरच खर्च करा.

कोरडा मोजा बहुधा कड्यांनी ड्रायसूटच्या बाहीला जोडतात. बाहेरचं रबर फक्त पाणी अडवतं. ऊब आतल्या लोकरी मोज्याची. खोल जाताना दाबानं मोजा हाताला आवळतो. म्हणून मनगटाच्या सीलखालून बारीक नळी सरकवतात, म्हणजे बाहीतली हवा मोज्यात येते. दुकानदार सांगेलच असं नाही, पण मोजा फाटला तर त्याच वाटेनं पाणी बाहीत शिरतं! तरी सील ठेवाच. त्याच्याशिवाय पाण्याला अडवायला काहीच उरत नाही.

विकत घेण्याआधी मोजे चढवून इन्फ्लेटरचं बटण आणि वजनपट्ट्याचं बक्कल हाताळून पाहा. पहिला सराव उथळ पाण्यात, प्रशिक्षकासोबत.