परसबाग फाल्गुनातच ठरते

राहुरीत उन्हाळी भाजी करायची तर तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: चिकण काळी माती, बोअरचं जड पाणी आणि एप्रिलपासून चाळिशीच्या पुढे जाणारा पारा. तालुक्यात मुळा धरण आहे, कालवे आहेत, ऊस आहे, नगर-मनमाड रस्त्यावर महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तरी घरामागच्या गुंठ्या-दीड गुंठ्याला यातलं आपोआप काही मिळत नाही, ते मागून आणावं लागतं. आमची परसबाग आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातून माझ्याकडे आली. त्यांचं सांगणं, शेजारणींचे सल्ले आणि विद्यापीठाच्या कृषिदर्शनीतली माहिती यांतून उन्हाला टिकलं तेवढंच इथे लिहिते. गच्चीत कुंड्या लावणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

1. होळीच्या आधी बी मातीत जाऊ द्या.

संक्रांत झाली की उन्हाळी भाजीची तयारी सुरू करायची. रात्रीची थंडी बोचरी असेपर्यंत भेंडीचं बी नीट उगवत नाही, जमिनीतच कुजतं. थंडी ओसरली की फेब्रुवारीत भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारली लावून मोकळं व्हावं. भेंडी पेरल्यापासून साधारण दीड महिन्यात तोडायला येते, म्हणजे पाडव्याच्या सुमाराला घरची भेंडी ताटात. खरा फायदा मात्र जमिनीखाली होतो. ऊन तापायच्या आत मूळ खोल गेलेलं असतं आणि तेच झाड वैशाखात तग धरतं. मार्चअखेर लावलेलं रोप उगवतं, दोन पानं काढतं आणि दुपारच्या झळांत बसून जातं. मग कितीही पाणी घाला. कारल्याचं बी कवचाचं असतं. ते दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलं की मोड लवकर येतो. पुढची संधी अक्षय्य तृतीयेची. तेव्हा भोपळ्या-दोडक्याची आळी करायची ती पावसाळी वेलांसाठी. तिच्यावर उन्हाळ्याची भिस्त ठेवू नये.

2. पाणी देण्याआधी वाफसा बघा.

काळी माती वरून सुकलेली, भेगाळलेली दिसते आणि चार बोटं खाली चांगली ओल असते. वरचं रूप पाहून रोज पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि आपण तहान समजून आणखी पाणी घालतो. म्हणून चार बोटं उकरून मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला तर वाफसा आहे, पाण्याची घाई नाही. तळहाताला चिकटली तर थांबावं. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावं. आत्याबाई तर नुसती खुरपी रोवून सांगायच्या, "बाई, आज राहू दे, उद्या घाल." भेगा मोठ्या होऊ देणं मात्र वाईट, कारण त्यांतून आतली ओल उडते आणि बारीक मुळं तुटतात. हलकी खुरपणी करून भेगा बुजवत राहाव्यात.

या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ही लोहाची कमतरता समजावी. हिराकस थेट मातीत टाकलं तर ते मातीतच अडकतं. शेणखतात मिसळून काही दिवस मुरवावं आणि मग आळ्यात द्यावं. शेणखत मात्र पुरतं कुजलेलं हवं. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी आणि वाळवी घरात येते.

3. पाण्याचा हिशोब मे महिन्याचा करा.

मुळा धरण 26 टीएमसीचं आणि आपल्याच तालुक्यात, बारागाव नांदूरला. पण कालव्याचं आवर्तन शेतासाठी असतं. आपल्या परसदाराला नळ, नाही तर बोअर. फेब्रुवारीत बोअर भरपूर चालतं तेव्हा उत्साहाने रोपं वाढवली जातात आणि मेमध्ये बादली मोजायची वेळ येते. म्हणून मेमध्ये रोज किती बादल्या देता येतील ते आधी ठरवावं आणि तेवढीच आळी करावीत. चार जणांच्या घराला दोडक्याचे दोन-तीन वेल, कारल्याचे दोन, भेंडीची पंचवीस-तीस झाडं आणि मिरची-वांग्याची पाच-सहा रोपं पुरे होतात.

पाणी पहाटे द्यावं, आळ्यात द्यावं, पानांवर शिंपडू नये. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर आळ्याच्या कडेला पांढरी पूड साठते. असं दिसलं की चमचा-चमचा पाणी रोज देण्यापेक्षा दिवसाआड भरपूर द्यावं, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल वापरावं. कपड्यांच्या साबणाचं पाणी भाजीला घालू नये. त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते.

माठ पुरून पाणी देण्याची युक्ती दूरच्या आळ्यांना फार उपयोगी पडते. दोन वेलांच्या मध्ये माठ गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा आणि झाकण ठेवायचं, ओल हळूहळू झिरपत राहते. फक्त माठ निवडताना एक बघावं. पाणी गार करेनासा झाला म्हणून घरातून काढलेला माठ इथेही निरुपयोगी असतो, कारण त्याची छिद्रं बुजलेली असतात. साधा, न रंगवलेला नवा माठ घ्यावा.

4. पाचट जाळू देऊ नका, मागून आणा.

आपल्याकडे ऊसतोड संपत येते तेव्हाच परसबागेला आच्छादन लागतं. कितीतरी पाचट शेतात पेटवून दिलं जातं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन भारे आणले तर कुणी नाही म्हणत नाही. आळ्यावर तीन-चार बोटं जाड थर द्यावा. माती गार राहते, पाण्याची पाळी लांबते, तण दबतं आणि पावसाळ्यापर्यंत खालचा थर कुजून मातीत मिसळतो. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाही तर खोड कुजतं. आठवड्यातून एकदा पाचट उचलून खाली वाळवी लागली नाही ना, तेही बघावं.

5. सावली पश्चिमेला हवी.

सकाळचं ऊन भाजीला पाहिजेच. मारतं ते दुपारी दोननंतरचं. म्हणून आडोसा पश्चिमेच्या बाजूने करावा. तिकडे शेवगा असेल तर उत्तम, त्याची सावली विरळ असते. नसेल तर हिरवी शेडनेट किंवा जुनं सुती लुगडं दोन बांबूंना बांधावं. सगळ्या बागेवर छत घातलं की झाडं लांबट होतात आणि फुलं धरत नाहीत.

वेलांचा मांडव हीच सगळ्यात चांगली सावली. दोडक्या-कारल्याचा मांडव डोक्याच्या उंचीवर केला की खाली मिरची, पालक, कोथिंबीर निभते. उन्हाळ्यात बाजारात कोथिंबिरीची जुडी महाग होते तेव्हा ही मांडवाखालची वाफ्यातली कोथिंबीर उपयोगी पडते. धणे फळीखाली रगडून दोन फाकी कराव्यात आणि थोडे-थोडे दर पंधरवड्याला पेरावेत. उन्हात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, एकदाच भरपूर पेरून उपयोग नसतो.

6. ऋतूला नको ते हट्टाने लावू नका.

गवार, भेंडी, चवळी, काकडी, दोडका, कारली, दुधी ही उन्हाळ्याची भाजी. वांगी आणि मिरची काळजी घेतली तर टिकतात. टोमॅटोचं तसं नाही. दिवस फार तापला आणि रात्रही गरम राहिली की त्याची फुलं गळतात, त्यावर कुठलंही औषध चालत नाही. टोमॅटो मार्चपर्यंत घ्यायचा आणि पुढे बाजाराकडून घ्यायचा. कोबी, फ्लॉवर, मटार यांचा विषय थंडीबरोबर संपतो.

वाणांच्या बाबतीत राहुरीकर नशीबवान. 1968 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने काढलेले वाण याच हवेत, याच मातीत पारखलेले आहेत. भेंडीत केवड्याला तोंड देणारी फुले विमुक्ता, काकडीत फुले शुभांगी आणि पांढरी हिमांगी, दोडक्यात फुले सुचेता, कारल्यात हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड. रंगीत चित्राचं पाकीट बघून परमुलुखाचं बी घेण्याआधी यांची चौकशी करावी.

7. फूल आहे पण फळ नाही, तर घड्याळ बघा.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त तक्रार हीच. वेलावर पहिल्यांदा नर फुलंच येतात, मादी फुलं मागाहून, आणि उष्णता वाढली की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. ती गळली म्हणून घाबरायचं नाही. मादी फुलाच्या देठाशी चिमुकलं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. उन्हात मधमाश्या कमी फिरतात, तेव्हा हे काम आपण करावं. ताजं उमललेलं नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचं.

यात वेळ महत्त्वाची. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी दोडक्याच्या मांडवाखाली उभं राहून हात फिरवण्यात अर्थ नाही, दिवेलागणीला जावं. मधमाश्या याव्यात म्हणून बांधावर तुळस आणि झेंडू ठेवावा, आणि सकाळी कसलीच फवारणी करू नये.

8. पान उलटून बघायची सवय लावा.

उन्हाळ्यात किडी पानाच्या पाठीमागे असतात. पांढरी माशी भेंडीवर केवडा आणते: शिरा पिवळ्या, पान पिवळं, भेंडी फिकट. केवडा पडलेलं झाड बरं होत नाही, दिसलं की उपटावं. मिरचीची पानं आकसली तर फुलकिडे किंवा कोळी, म्हणजेच बोकड्या. लाल कोळी कोरड्या धुरळ्यात वाढतो. पानांच्या मागे सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो बराच आटोक्यात येतो. पाणी पानांवर नको म्हटलं त्याला हा एक अपवाद.

घरच्या बागेला पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळ झाला. वाळलेल्या निंबोळीची 50 ग्रॅम पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून घ्यायची, एकूण पाणी एक लिटर करायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पडतात, तेव्हाच वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. काकडी-दोडक्याला फळमाशी लागली तर किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नये. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावं, आतल्या अळ्या मरतात.

9. तोडणी चुकवू नका.

भेंडी दिवसाआड, काकडी रोज. भेंडी जून झाली की आपलं नुकसान एका शेंगेचं नसतं. झाडाला वाटतं आता बी तयार झालं, आणि नवी फुलं कमी होतात. चार दिवस गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकूंना सांगून जावं, "काकू, तेवढी भेंडी तोडून घ्या, तुम्हीच खा." झाड चालू राहतं.

वळवाच्या पावसाआधी मांडवाच्या खुंट्या पक्क्या कराव्यात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट कुणी विसरलेलं नाही. गारांपुढे इलाज चालत नाही, पण वाऱ्याने पडणारा मांडव वाचवता येतो.

10. एक फळ बियाण्याचं.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बी राखलं, वाढवलं आणि वाटलं. त्यांना बीजमाता म्हणतात, 2020 साली पद्मश्रीही मिळाली. आपण तेवढं करू शकत नाही, पण वेलावरचं एक निरोगी फळ राखू शकतो. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, भेंडीची शेंग तपकिरी होऊ द्यायची, बी काढून सावलीत वाळवायचं आणि राखेत घोळून डब्यात ठेवायचं. हे सरळ वाणाचं किंवा गावरान बी असेल तरच करावं. संकरित बियाण्याचं पुढच्या वर्षी काय निघेल याचा भरवसा नसतो. एकाच मांडवावर दोन जातींचे दोडके असतील तर त्यांचाही संकर होतो.

यंदा पहिल्यांदा करणाऱ्यांना एवढंच सांगेन: सगळं लावू नका. एक भेंडीचा वाफा, दोन दोडक्याचे वेल आणि मांडवाखाली थोडी कोथिंबीर, इतकंच घ्या. बी संक्रांतीनंतर आणा, होळीच्या आत पेरा, पाचट आधीच आणून ठेवा. वैशाखात उन्हाशी भांडून काही हाती येत नाही, जे करायचं ते फाल्गुनातच करून ठेवायचं असतं.