कर भरूनही कचऱ्याचं शुल्क कशाला?

प्रश्न : मालमत्ता कर भरत असताना इंदूर महापालिकेला कचऱ्याचं वेगळं शुल्क का द्यायचं? शिवाय ओला-सुका कचरा आम्हीच का निवडायचा?
– एक गृहिणी, इंदूर

उत्तर : दोन्ही गोष्टींना घनकचरा व्यवस्थापन नियमांचा आधार आहे, पण खरं कारण कायद्यापेक्षा व्यवहाराचं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये देवगुराडिया इथे सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे आणि त्या गॅसवर शहर बसही धावतात. मात्र ओल्यात प्लास्टिक, काच मिसळली की ही प्रक्रिया बिघडते. एकदा कालवलेला कचरा नंतर वेगळा करणं खर्चिक असतं आणि ते काम सफाई कामगारांच्या जिवावर बेततं. घरात मात्र त्याला दोन मिनिटं पुरतात. म्हणजे 2017 पासून इंदूरला मिळत गेलेल्या स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकात तुमच्या स्वयंपाकघराचाही वाटा आहे. गरीब कुटुंबाला शुल्क जड जातं, हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर उपाय सवलतीचा दर हा आहे, शुल्कमाफी नव्हे. कारण दारात रोज येणाऱ्या गाडीचा खर्च कुणाला तरी उचलावाच लागतो. तेव्हा शुल्क जरूर भरा, पण त्याचा हिशेबही आपल्या नगरसेवकाकडे मागा.