बुरशी

आषाढाची झड लागली की घरोघर बुरशीचा संचार सुरू होतो. टोपलीत विसरलेल्या भाकरीवर, कोनाड्यातील वहाणांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट-पांढरी लव उगवते. बुरशीच्या अंगी हरितद्रव्य नसते. त्यामुळे हिरव्या झाडांप्रमाणे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. दुसऱ्याच्या जिवावर तिची गुजराण चालते. तिचे सारे गुणावगुण या एका गोष्टीतून उद्भवतात.

रानातील पाचोळा ती कुजविते आणि मातीला कस देते. तीच उभ्या पिकात शिरली, तर गव्हावर तांबेरा पडतो. ज्वारीला काणी लागते आणि कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी भरते.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढविलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी आलेली आढळली. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊनच टाकली असती! फ्लेमिंग यांनी निरखून पाहिले, तो बुरशीच्या भोवतालचे जंतू नाहीसे झाले होते. त्या बुरशीपासून पुढे पेनिसिलिन हे औषध सिद्ध झाले. ते तयार करण्यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला.

परंतु बुरशीपासून विषही निर्माण होते. १९७४ साली राजस्थान व गुजरात येथील आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नव्हते. तेव्हा लोकांनी तो बुरसलेला मकाच दळून खाल्ला. त्यातील अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने त्यांची यकृते निकामी झाली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष भाजण्याशिजविण्याने पुरते नष्ट होत नाही. वरची बुरशी पुसून टाकली, तरी ते आत मुरलेले असू शकते. म्हणून बुरसलेले अन्न गरिबाच्या घरीही टाकूनच द्यावे लागते.

काणीवर उपाय आहे. पेरणीपूर्वी ज्वारीच्या बियाण्याला गंधकाची भुकटी चोळतात. तिने दाण्यावरील काणीचे बीज मरते. साठवणीच्या धान्याचे रक्षण मात्र ऊन करते. ओलीवाचून बुरशी वाढत नाही. दाणा दाताखाली कट्कन वाजेपर्यंत शेतकरी धान्य वाळवितो, ते यासाठीच. लोणच्यातील मीठ फोडींचे पाणी ओढून घेते आणि वरचा तेलाचा थर हवा अडवितो. अशा बरणीत कोणी ओला चमचा घातला, की आजी रागावते. कारण त्या चार थेंबांनी वर्षभराचे लोणचे नासू शकते.