पित्तनलिकेवरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया : रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

आपल्याकडे कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले, की घरचे लोक प्रथम काविळीचे औषध देणाऱ्याकडे धाव घेतात. कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुवून कावीळ 'उतरवून' दाखवतो. विषाणूमुळे होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय मात्र माळेला मिळते. परंतु सर्व कावीळ एका प्रकारची नसते. पित्ताचा मार्ग अडल्यामुळे होणारी कावीळ माळेने किंवा पथ्याने जात नाही. तेथे अडथळाच दूर करावा लागतो. त्यासाठी केल्या जाणाऱ्या 'ई.आर.सी.पी.' या उपचाराची माहिती आम्ही येथे साध्या भाषेत देत आहोत.

अडथळा कसा होतो?

यकृतात दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. स्वादुपिंडाची नळीही त्याच ठिकाणी उघडते. पित्ताशयातील खडा घसरून नलिकेत अडकला, नलिका आकसली किंवा गाठ झाली, तर पित्त मागे तुंबते. मग लघवी गडद चहासारखी होते, शौच पांढुरके होते व अंगाला खाज सुटते. थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे वरच्या बाजूस दुखणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे दोन-चार दिवसांचा उशीरही जिवावर बेततो.

उपचार कसा करतात?

रुग्णाला गुंगीचे औषध किंवा भूल देऊन तोंडावाटे लवचिक दुर्बीण जठरातून लहान आतड्यापर्यंत नेतात. नलिकेच्या तोंडातून बारीक नळी आत घालून औषध सोडतात व क्ष-किरणांच्या पडद्यावर अडथळा पाहतात. मग नलिकेच्या तोंडाला छोटा छेद देऊन खडा फुग्याने किंवा जाळीने काढतात. हा छेद देण्याची पद्धत १९७४ साली जर्मनी व जपानमध्ये सुरू झाली. त्यापूर्वी अशा खड्यासाठी पोट उघडावे लागे. खडा निघत नसेल किंवा नलिका अरुंद असेल, तर पित्त वाहते ठेवण्यासाठी आत नळी बसवतात. तिला 'स्टेंट' म्हणतात.

केवळ निदानासाठी आता हा उपचार सहसा करीत नाहीत. सोनोग्राफी, एम.आर.सी.पी. यांसारख्या तपासण्यांनी अडथळा आधी समजू शकतो. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे : आमच्या रुग्णाला अडथळा कशाचा आहे? खडा काढणार की स्टेंट टाकणार? हा उपचार झाला नाही, तर पुढचा मार्ग कोणता? असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.

आधी काय सांगावे?

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन, औषधांची ॲलर्जी, हृदयविकार, गरोदरपण, पूर्वी झालेली पोटाची शस्त्रक्रिया यांपैकी जे असेल ते स्पष्ट सांगावे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. किती तास उपाशी राहायचे हे रुग्णालय सांगते; साधारणपणे सहा ते आठ तास. त्या काळात चहासुद्धा घेऊ नये.

धोके कोणते?

या उपचारात पोटावर टाका पडत नाही, म्हणून तो अगदी किरकोळ आहे असे समजू नये. १०० रुग्णांपैकी साधारण ३ ते १० जणांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते. बहुतेकांची सूज काही दिवसांत उतरते, पण थोड्या जणांत ती गंभीर होते. रक्तस्राव १०० पैकी १ ते २ जणांना होतो, तर आतड्याला छिद्र पडणे १०० पैकी एकाहूनही कमी जणांत घडते. जंतुसंसर्गही होऊ शकतो.

गुंगीमुळे २४ तास वाहन चालवू नये व एकट्याने लोकलने कुसगावला परतू नये. सोबत जाणते माणूस असावे. घरी आल्यावर पोटात वाढत जाणारी कळ, सतत उलट्या, थंडी-ताप, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळच्या लोकलची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयाला कळवावे. रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक व कागदपत्रे घरात सर्वांना सापडतील अशी ठेवावीत.

स्टेंट विसरू नका

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. तो साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. कावीळ उतरते, भूक लागते, माणूस कामावर जातो आणि आतल्या नळीचा विसर पडतो. पुढे ती गाळाने बुजते व जीवघेणा संसर्ग होतो. म्हणून घरी सोडताना स्टेंट टाकला आहे का, कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या तारखेला परत यायचे, हे लिहून घ्यावे व ती तारीख घरच्या दिनदर्शिकेवर मांडावी.

नलिकेतला खडा निघाला तरी पित्ताशयातले खडे तसेच राहतात. ते पुन्हा घसरू नयेत म्हणून बहुधा पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळतो. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात केली. आज ती सर्रास होते. 'आता बरे वाटते' म्हणून ती टाळू नये.

खर्चाचा विचार

खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. शिधापत्रिका व आधारकार्ड घेऊन, आपला उपचार योजनेत बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच त्याला विचारावे.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की पिवळे डोळे दिसताच प्रथम रक्ताची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी, आणि ही माहिती ज्या घरी वाचता येणारे कोणी नाही, त्या घरीही वाचून दाखवावी.